आगामी अल्बम, ज्येष्ठ बँड आणि चाहत्यांचे तर्क : ‘निर्माता’ या संकल्पनेच्या निमित्ताने

प्रास्ताविक

अमरावतीत किंवा अकोल्यात ‘बँड’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते वरातीपुढे चालणारे, गणवेशातील वादकांचे पथक. या पथकाने पुढे कोणते गाणे वाजवावे यावरून वऱ्हाडी वऱ्हाडात हिरिरीने वाद होतात. परंतु त्या पथकाचा ‘आगामी अल्बम’ कधी येणार, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. महाविद्यालयातील विद्यार्थी मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो. त्याच्या लेखी बँड म्हणजे स्वतःची गाणी स्वतः रचून, वाजवून व गाऊन ती अल्बमच्या रूपाने प्रसिद्ध करणारा चार-पाच जणांचा कायमचा संच होय. असा एखादा संच पंचवीस-तीस वर्षे जुना असला आणि त्याच्या नव्या अल्बमची कुणकुण लागली, की चाहते तर्क लढवू लागतात. गाणी किती असतील, सोडून गेलेला वादक परत येईल काय, आवाज पूर्वीसारखा राहिला असेल काय, असे अनेक प्रश्न निघतात. त्यांपैकी सर्वाधिक खल होतो तो एका प्रश्नावर : या वेळी निर्माता कोण?

अध्यापकवर्गाला ही चर्चा रिकामटेकडी वाटणे स्वाभाविक आहे. जे अद्याप ऐकलेच नाही त्याविषयी बोलावे तरी काय, हा आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. तथापि तर्क करणाऱ्याला आधी पुष्कळ ऐकावे लागते, ऐकलेल्यातील फरक ओळखावे लागतात आणि त्या फरकांचे कारण कोणातरी व्यक्तीपाशी नेऊन जोडावे लागते. वाङ्मयाच्या वर्गात आपण विद्यार्थ्याकडून याहून निराळे काय मागतो? प्रस्तुत लेखात या तर्कांचे स्वरूप उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. निर्मात्याविषयीचा प्रश्न हा मुळात ध्वनीच्या कर्तृत्वाचा प्रश्न आहे, आणि तोच प्रश्न मराठी गाण्याला विचारू गेल्यास बहुधा हाती नावच लागत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

‘निर्माता’ या शब्दाची अडचण

मराठीत निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा माणूस. चित्रपटाचा निर्माता, नाटकाचा निर्माता या प्रयोगांत हाच अर्थ रूढ आहे. त्यामुळे ‘या अल्बमचा निर्माता बदलला’ असे विद्यार्थी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की कंपनी बदलली, भांडवल दुसऱ्याने घातले. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात मात्र हा शब्द वेगळ्या कामाचा वाचक आहे. तेथील निर्माता संचाबरोबर ध्वनिमुद्रणगृहात बसतो. आणलेल्या वीस गाण्यांतून बारा निवडतो, गाण्याची लय ठरवितो, कोणते वाद्य पुढे आणावे व कोणते मागे ठेवावे हे सांगतो, गायकाचे कोणते गायन ठेवावे व कोणते पुसावे याचा निर्णय देतो. आपल्याकडील उपमा द्यायची तर तो नाटकाच्या निर्मात्यापेक्षा नाटकाच्या दिग्दर्शकाला अधिक जवळचा आहे. संहिता त्याची नसते, अभिनयही त्याचा नसतो. पण प्रयोग कसा उभा राहिला याचे उत्तर त्याच्याकडे मागितले जाते.

जॉर्ज मार्टिन यांचे उदाहरण यासंदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते देण्याजोगेच आहे. बीटल्सनी ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणे प्रथम संथ लयीत बांधले होते. ते जलद करण्याची सूचना मार्टिन यांची. १९६५ सालच्या ‘यस्टरडे’ या गाण्यात गिटारच्या जोडीला तंतुवाद्यांचे चतुष्क आले तेही त्यांच्याच सूचनेवरून. दोन्ही गाण्यांचे शब्द व चाल बीटल्सचीच, परंतु आज जगाच्या कानात बसलेले त्यांचे रूप मार्टिन यांच्याशिवाय समजावून सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते ज्येष्ठ कलावंताचे आहे. अमेरिकी गायक जॉनी कॅश १९९४ मध्ये बासष्ट वर्षांचे होते आणि त्यांची उमेद संपली असे व्यवसायातील लोक मानीत होते. त्या वर्षी त्यांचा ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम आला. निर्माता होते रिक रूबिन, ज्यांचे नाव तोवर रॅप आणि कर्कश समजल्या जाणाऱ्या रॉक संगीताशी जोडलेले होते. नाव कळताच कोणी कल्पना केली असेल की आता कॅश यांच्या गाण्यात गडगडाट येणार. घडले ते उलट. रूबिन यांनी सगळा ताफा बाजूला सारला. एक माणूस, एक गिटार आणि वयाने जाड झालेला आवाज एवढेच शिल्लक ठेवले. काढून टाकणे हेही निर्मात्याचे काम असते, हा धडा त्या अल्बमने चाहत्यांना दिला. त्यानंतर निर्मात्याच्या पूर्वीच्या कामावरून सरळसोट अनुमान काढणे जाणकार टाळू लागले.

तर्काची साधने : एका जाहिरातीचे उदाहरण

चाहते कशाच्या आधारे तर्क करतात हे पाहण्यासाठी रोलिंग स्टोन्स या १९६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या संचाचे अलीकडचे उदाहरण सोयीचे ठरते. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम २००५ मध्ये आला होता. २०१६ मध्ये आलेला अल्बम जुन्या ब्लूज गाण्यांचा होता. २४ ऑगस्ट २०२१ रोजी तालवादक चार्ली वॉट्स यांचे निधन झाले. एवढ्यावरून ‘आता नवे काही नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये मात्र लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्रात काच दुरुस्तीच्या एका दुकानाची जाहिरात प्रसिद्ध झाली. दुकानाचे नाव ‘हॅकनी डायमंड्स’. मजकुरात दुकानाची स्थापना १९६२ ची सांगितली होती, संचाच्या जुन्या गाण्यांची नावे वाक्यांत बेमालूम पेरली होती आणि एका अक्षरावरील टिंबाच्या जागी संचाचे जिभेचे बोधचिन्ह होते. असे दुकान कोठेही नव्हते. चाहत्यांनी ही जाहिरात जवळजवळ एखाद्या ताम्रपटासारखी वाचली. ६ सप्टेंबरला अल्बमची रीतसर घोषणा झाली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तो त्याच नावाने प्रसिद्ध झाला. हॅकनी डायमंड्स म्हणजे लंडनच्या बोलीत फोडलेल्या काचेचा रस्त्यावर पडलेला चुरा.

येथपर्यंतचा भाग कोडे सोडविण्याचा झाला. त्यात गंमत आहे. परंतु तर्काचा खरा कस निर्मात्याच्या नावापाशी लागतो. १९९४ च्या ‘व्हूडू लाउंज’पासून या संचाच्या अल्बमांवर निर्माता म्हणून डॉन वॉझ यांचे नाव सातत्याने असे. नव्या अल्बमसाठी अँड्र्यू वॉट आले. त्यांचा जन्म १९९० चा. म्हणजे संच अठ्ठावीस वर्षांचा झाला होता तेव्हा निर्माता जन्माला आला. त्याआधी त्यांनी एकीकडे जस्टिन बीबर व मायली सायरस आणि दुसरीकडे ऑझी ऑस्बर्न यांच्यासारख्या ज्येष्ठ गायकाबरोबर काम केले होते. यावरून दोन तर्क तितक्याच जोराने करता येत होते. एक, म्हाताऱ्यांना तरुणांचा पोशाख चढविला जाणार. दुसरा, लहानपणापासून हीच गाणी ऐकत वाढलेला माणूस त्यांना त्यांच्याच जुन्या रूपाकडे नेणार. प्रत्यक्ष अल्बममध्ये दोन्हींची सरमिसळ आढळते. एका गाण्यात लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर आहेत. दुसऱ्यात चार्ली वॉट्स यांनी हयातीत वाजवून ठेवलेला ताल आहे, कित्येक वर्षांपूर्वी संच सोडून गेलेले बिल वायमन तेथे परत आले आहेत आणि त्या गाण्यापुरते डॉन वॉझही निर्मात्यांत आहेत. अखेरचे गाणे मडी वॉटर्स यांचे, ज्यावरून या संचाने आपले नाव घेतले होते.

ज्येष्ठ संचाविषयीच्या तर्काला एक हळवी बाजू असते, ती येथे ध्यानात घेतली पाहिजे. नव्या संचाबद्दल विचारले जाते, ‘हे काय करून दाखवतील?’ ज्येष्ठांबद्दल विचारले जाते, ‘हे अजून तेच आहेत ना?’ निर्मात्याचे नाव हे या दुसऱ्या प्रश्नाचे लगेच मिळणारे, अर्धवट उत्तर असते. म्हणून त्यावर एवढा खल होतो.

मुंबईतील इंडस क्रीड

महाराष्ट्रात या प्रकारच्या प्रतीक्षेचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईचा इंडस क्रीड हा संच. १९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावाने तो सुरू झाला. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय संचांनी परदेशी गाण्यांच्या नकला वाजवाव्यात अशी श्रोत्यांची अपेक्षा असण्याच्या त्या काळात या संचाने स्वतःच्या रचना पुढे आणल्या. १९८८ व १९९० मध्ये त्यांचे अल्बम आले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये संच विखुरला. २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला तेव्हा गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कळफलक वाजविणारे झुबिन बालापोरिया हे जुने सदस्य होते; तालवादक व बेस गिटारवादक नव्या पिढीचे होते. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. मधल्या काळाचा हिशेब सतरा वर्षांचा होतो. १९९५ मध्ये महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असताना ज्याने त्यांची ध्वनिफीत घेतली तो २०१२ मध्ये पस्तिशी ओलांडून संसाराला लागला होता.

या अल्बमचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. ध्वनिमिश्रण म्हणजे निरनिराळी मुद्रित केलेली वाद्ये व आवाज यांचे परस्परांशी प्रमाण ठरविणे. स्वयंपाकात मीठ-तिखटाचे प्रमाण ज्याच्या हातात असते तसा हा अधिकार आहे. पामर यांनी पर्ल जॅम या अमेरिकी संचाच्या १९९१ च्या ‘टेन’ या गाजलेल्या अल्बमचे मिश्रण केले होते आणि डेव्हिड बोवी यांच्या टिन मशीन या संचाबरोबरही काम केले होते. म्हणजे रचना व वादन मुंबईच्या संचाने स्वतःच्या हाती ठेवले, परंतु अंतिम प्रमाण ठरविण्याचे काम एका अनुभवी परक्या कानाकडे सोपविले. ज्याला पामर हे नाव ठाऊक होते त्याला अल्बम ऐकण्यापूर्वी काही अपेक्षा बांधता येत होती, आणि ऐकल्यावर ती पुरी झाली की नाही हे सांगताही येत होते. ज्याला ते ठाऊक नव्हते त्याला फक्त ‘कधी येणार’ एवढेच विचारता येत होते. जाणकार चाहता आणि सामान्य चाहता यांच्यातील अंतर आवडीच्या तीव्रतेचे नसून श्रेयनामावली वाचण्याच्या सवयीचे असते, असे यावरून म्हणता येईल.

मराठी श्रोत्याची प्रतीक्षा

आता असा आक्षेप संभवतो की हा सारा व्यवहार इंग्रजी गाण्याचा असून मराठी रसिकाशी त्याचा संबंध नाही. हा आक्षेप टिकणारा नाही. न ऐकलेल्या गाण्याविषयी तर्क करण्याची परंपरा मराठीत चांगली जुनी आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकर यांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत असा तो उपक्रम होता. एकूण छप्पन्न गीते झाली. कथा सर्वांना पाठ, त्यामुळे पुढे काय घडणार याची उत्सुकता नव्हतीच. उत्सुकता होती ती चाल कशी असेल आणि कोण गाईल याची, कारण गायक वेगवेगळे होते. त्यांत अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडेही होते.

वसंतरावांच्या नावावरून दुसरे उदाहरण आठवते आणि ते प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याला भिडते. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ च्या अखेरीस रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. सुमारे अर्धशतकानंतर, २०१५ मध्ये, सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. जुनी पदे असतील हे उघड होते; नवी गाणी कोण करणार, हा प्रश्न होता. ते काम शंकर-एहसान-लॉय या हिंदी चित्रसृष्टीतील त्रयीकडे गेले. गिटार आणि संगणकीय ध्वनी यांच्याशी जोडलेले हे नाव ऐकून नाट्यसंगीताच्या अभ्यासकाच्या मनात शंका यावी हे साहजिकच होते. पण त्या त्रयीतील शंकर महादेवन हे स्वतः तयारीचे गायक, हेही त्याच विचाराच्या दुसऱ्या पारड्यात होते. ही द्विधा आणि अँड्र्यू वॉट यांच्या नावापाशी झालेली द्विधा एकाच जातीची आहे. जुन्या, पूज्य ध्वनीला नवा हात लागणार. तो हात कोणाचा? पुढे महेश काळे यांना या चित्रपटातील नव्या गाण्यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचाही आवाज त्यात होता. मात्र निकाल काय लागला यापेक्षा तर्क करताना रसिकांनी कोणत्या नावांचा आधार घेतला हे येथे महत्त्वाचे आहे. ती नावे दोनच प्रकारची होती : संगीतकार आणि गायक.

अनामिक संयोजक

येथेच मराठी श्रोत्याची अडचण सुरू होते. पाश्चात्त्य निर्माता जी कामे करतो ती मराठी व हिंदी गाण्यात अनेकांत वाटली गेली आहेत. चाल संगीतकाराची. गायकाकडून ती काढून घेणेही बहुधा त्याचेच. नाद टिपण्याचे काम ध्वनिमुद्रकाचे. गाणी किती आणि कोणती, यात कंपनीचा शब्द. आणि या सर्वांच्या मधोमध संगीत संयोजक. गाणे सुरू होण्यापूर्वीचे वादन, दोन कडव्यांमधील तुकडे, गायकाच्या ओळीमागून चालणारी व्हायोलिनची रेघ, बासरी कोठे यावी आणि तालवाद्याने कोठे थांबावे, हे सर्व प्रामुख्याने त्याच्या हातचे असते. काही संगीतकार हेही स्वतः सांगत. काही केवळ चाल गाऊन दाखवीत आणि उरलेले संयोजकावर सोडीत. श्रोता पुष्कळदा गाणे ओळखतो ते शब्द येण्यापूर्वीच्या चार स्वरांवरून, आणि ते चार स्वर कोणाचे हे त्याला कधीच सांगितले गेलेले नसते.

हिंदी चित्रपटसंगीतात हे काम दीर्घकाळ गोव्याच्या वादकांनी केले. चर्चमधील शिक्षणामुळे त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता-लिहिता येत असे, आणि पन्नास-साठ वादकांचा ताफा एका सुरात वाजवायचा तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद ठेवणे अपरिहार्य होते. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांमागील भरदार वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी लिहिलेला आहे. अँथनी गोन्साल्विस हे दुसरे नाव. संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले, आणि त्या कृतज्ञतेपोटी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव नायकाला मिळाले. हा सन्मान जितका गोड तितकाच विचित्र आहे. देशभर ते नाव गायिले गेले, आणि ते एका जिवंत संगीतकाराचे आहे हे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हते.

मराठीत अनिल मोहिले आणि पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स ही या क्षेत्रातील मोठी नावे. मोहिले मूळचे व्हायोलिनवादक. संयोजक म्हणून त्यांचे काम मराठी भावगीतापासून हिंदी चित्रपटापर्यंत पसरलेले आहे. अरुण पौडवाल यांच्यासह ‘अनिल-अरुण’ या जोडनावाने त्यांनी स्वतंत्र संगीतही दिले. १९७९ चा ‘अष्टविनायक’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. सामान्य रसिक मोहिले यांना ओळखतो तो या दुसऱ्या नात्याने, संगीतकार म्हणून. संयोजक म्हणून त्यांनी किती गाण्यांना आज कानात असलेले रूप दिले, हे सांगायला श्रेयनामावली पुरत नाही. गीतरामायणात व्हायोलिन वाजविणारे आणि फडक्यांचे साहाय्यक असलेले प्रभाकर जोग यांच्याबाबतीतही असेच म्हणावे लागेल. ‘साहाय्यक’ या एका शब्दात नेमके किती कर्तृत्व सामावले आहे, याचा शोध मराठी संगीतसमीक्षेने मनावर घेतलेला दिसत नाही. आपली समीक्षा रागाविषयी बोलते, शब्दांविषयी फार बोलते, वाद्यमेळाविषयी जवळजवळ गप्प राहते.

अपवाद अलीकडचा आहे. अजय-अतुल या बंधूंनी चाल व संयोजन यांची फारकतच ठेवली नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिस येथे पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून घेतले, तेव्हा एरवी केवळ ‘गाणी छान आहेत’ म्हणून थांबणारा श्रोताही वादक किती होते, मुद्रण कोठे झाले, असे प्रश्न विचारू लागला. त्यांच्या पुढील कामाविषयीचे तर्क म्हणूनच अधिक सकस असतात. श्रोत्याला काय विचारायचे ते कळले, कारण काय केले ते त्याला सांगितले गेले होते.

वऱ्हाडातील चित्र

वऱ्हाडाच्या सांगीतिक वारशातील काही भागाला हा प्रश्न लागूच होत नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरी आणि आवाज हे एकाच देहाचे दोन अवयव होते. तेथे संयोजक शोधणे व्यर्थ. अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे गझलगायक भीमराव पांचाळे आपल्या गझलांना स्वतःच चाली बांधतात. त्यांच्या आगामी मैफलीविषयी किंवा ध्वनिमुद्रिकेविषयी रसिकांचा तर्क चालतो तो बहुधा कोणत्या कवीची कोणती गझल निवडली जाईल, यावर. हाही जाणकारीचाच तर्क आहे, फक्त त्याचे केंद्र काव्य आहे.

परंतु १९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची गीते घेतली की चित्र पालटते. १९८२ च्या ‘उंबरठा’ या चित्रपटातील त्यांच्या गीताविषयी येथील कोणत्याही रसिकाला विचारावे. कवी भट, संगीत हृदयनाथ मंगेशकर, स्वर लता मंगेशकर, ही तीन नावे तो झोपेतही सांगेल. संयोजन कोणाचे, हा चौथा प्रश्न विचारला की तो थांबतो. त्याच घरातील मुलगा मात्र लंडनमधील संचाच्या निर्मात्याचे नाव, त्याचे वय आणि त्याची मागील पाच कामे सांगू शकतो. हा मुलाचा परदेशप्रेमाचा दोष मानण्याची घाई करू नये. त्याला ती माहिती अल्बमच्या वेष्टनावर छापून मिळाली. वडिलांना ध्वनिफितीच्या वेष्टनावर कंपनीचे बोधचिन्ह मोठ्या टायपात मिळाले.

ध्वनिफितीचे हे वेष्टन, म्हणजे डबीत घडी घालून ठेवलेला तो रंगीत कागद, अभ्यासकाच्या दृष्टीने एक दस्तऐवज आहे. त्यावर गाण्यांचा क्रम, गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे असतात. क्वचित अगदी बारीक अक्षरांत संयोजक व ध्वनिमुद्रकही असतात. १९८० च्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि गाणे गावोगाव पोहोचले, परंतु डबी फुटली की कागदही जाई. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत पुस्तकाला क्रमांक मिळतो. ध्वनिफितीला क्वचित, आणि तिच्या वेष्टनाला जवळजवळ कधीच नाही. गाणी आता भ्रमणध्वनीवर आली आहेत. तेथे काही सेवांनी गाण्याचे श्रेय दाखविण्याची सोय केली आहे, मात्र जुन्या मराठी गाण्यांसमोर त्या जागेत पुष्कळदा गायकाच्या नावापुढे काही नसते. जे कागदावर नव्हते किंवा कागदासह गेले, ते पडद्यावर कोठून येणार?

काही माहिती अजून माणसांजवळ आहे. गणेशोत्सवात अमरावती-अकोल्याच्या मंडळांपुढे वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांत मूळ गाणे हुबेहूब उठविण्यावर भर असे. त्यासाठी एखादा वादक ध्वनिफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन मधले तुकडे उतरवून घेई. व्हायोलिनचा तुकडा कळफलकावर, सतारीचा गिटारवर, असा त्याला वादकांच्या उपलब्धतेप्रमाणे बदलही करावा लागे. ही उतरवलेली स्वरलिपी साध्या वह्यांत, देवनागरीत ‘सा रे ग म’ अशी लिहिलेली असे. त्या वादकांपैकी जे आज साठी-सत्तरीत आहेत त्यांना भावगीतातील मधला तुकडा स्वरन् स्वर म्हणून दाखविता येतो, तो मूळ मुद्रणात किती व्हायोलिनांवर वाजला असावा याचा अंदाजही सांगता येतो. तो लिहिला कोणी, हे त्यांच्या वहीत नोंदलेले नाही, कारण ते ज्या डबीतून ती ध्वनिफीत निघाली तिच्यावरही नव्हते.